बासष्ट फेऱ्यांवरचा खर्ज

खालच्या सुराला जो हसला, तो ढुंढिराज मुळ्यांच्या मनातून कायमचा उतरला; मग तो नात्यातला असो की दुकानात रोज येणारं गिऱ्हाईक असो. काशीतल्या ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतल्या मराठी मंडळींना हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. ज्या माणसाचा स्वतःचा आवाज एवढा किरटा, त्यानं दुसऱ्यांच्या खर्जासाठी भांडावं, याचं त्यांना हसू येई.

पण ते भांडण जुनं होतं. ढुंढिराजांचे वडील विष्णुभट हे वेदपाठी. सकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर ते संहिता म्हणायला बसले, की खाली नावा बांधणारे मल्लाह आपलं बोलणं आवरतं घेत. मोठ्यानं म्हणत नसत ते. आवाजच असा होता की तो कानांच्या आधी पायरीच्या दगडाला लागे. मुलाच्या गळ्यात त्यातलं काहीच उतरलं नाही. बाराव्या वर्षी विष्णुभटांनी त्याला सरळ सांगितलं, "तू दुसरं काही शीक. हा गळा माझ्या कामाचा नाही." ढुंढिराज घड्याळं दुरुस्त करायला शिकले, आणि पुढे चौकात लाला मुरलीधरांच्या दुकानात ग्रामोफोनच्या दुरुस्तीला लागले. एकोणीसशे पाच साली विष्णुभट गेले. तेव्हा शहरात आवाज उतरवून घेणारी यंत्रं येऊन गेली होती, ठुमऱ्यांच्या आणि नकलांच्या तबकड्या निघाल्या होत्या, आणि विष्णुभटांचा आवाज उतरवून घ्यावा असं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांच्या मुलालासुद्धा नाही. ढुंढिराजांचा पहिला राग हा असा स्वतःवरचाच होता.

एकोणीसशे नऊ साली सिगऱ्याकडच्या मिशनमधली एक म्हातारी बाई विलायतेला परत निघाली. तिचा ग्रामोफोन दुरुस्तीला आला होता, तो तिनं लालांना देऊन टाकला आणि सोबतच्या सात तबकड्या ढुंढिराजांना. "या इथे कोण ऐकणार?" ती हिंदीत म्हणाली. "हे आमच्याकडचं संगीत नाटक आहे. प्रेमवीर उंच आवाजात गातो. राजा, पुरोहित, बाप आणि सैतान खालच्या आवाजात गातात. मला खालचेच आवडायचे."

ढुंढिराजांनी पहिली तबकडी लावली आणि हातातला स्क्रू खाली ठेवला. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण कर्ण्यातून जो आवाज आला, तो पोटातून निघून छातीत घुमून मग बाहेर पडत होता. चार वर्षांत असा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता.

त्यानंतर साहेब लोकांच्या घरचा पसारा मोडला जाई तिथे ते हजर राहू लागले. कुणाला तबकड्या नको असत, कुणाच्या तडकलेल्या असत. चार वर्षांत त्यांच्याकडे अशा एकवीस झाल्या. लेबलावरची नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी गवयांना आपल्या रिवाजाप्रमाणे बुवा करून टाकलं. रशियन बुवा, इटालियन बुवा, जर्मन बुवा. यातला जर्मन बुवा तबकडी निघाली तेव्हाच साठी ओलांडलेला होता, असं त्या मिशनवाल्या बाईनं सांगितलं होतं.

घरी बायकोशी, बकुळशी, यावरून वाद रंगत.

"तुमचा तो रशियन मला नाही आवडत," बकुळ पीठ मळता मळता म्हणे. "मधेच हसतो काय, खेकसतो काय! गाणं आहे की भांडण?"

"अगं, राजा मरतोय तिथे! तबकडी देणारा साहेब सांगत होता. मरणारा माणूस काय ताना घेईल?"

"मग इटालियनानं पण मरूनच दाखवलं ना परवाच्या तबकडीत? पण सूर कसा, तुपाच्या धारेसारखा. श्वास कुठे घेतला तेसुद्धा कळू दिलं नाही."

"तेच तर. त्याला सुराखेरीज काही दिसत नाही. रशियनाला माणूस दिसतो."

"आणि तुमचा तो म्हातारा?"

जर्मन बुवांचा विषय निघाला की ढुंढिराज जरा हळू बोलत. "तो काहीच दाखवत नाही," ते म्हणत. "खालच्या षड्जावर जातो आणि तिथे बसतो. आमचे वडील बसायचे तसा."

या ऐकण्यातूनच त्यांना एक गोष्ट कळली होती, जी दुकानात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. इटालियन बुवांचं एकच गाणं त्यांच्याकडे दोन वेगळ्या तबकड्यांवर होतं. एकीवर आवाज भरदार, दुसरीवर चिमटलेला आणि जवळजवळ एक सूर चढा. ढुंढिराजांनी पेटीवर दोन्ही स्वर ताडून पाहिले. मग तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून, घड्याळ समोर ठेवून, चक्रीचे फेरे मोजले आणि यंत्राचा वेग उतरवत नेला. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर चिमटलेला माणूस सत्तरावर आला आणि पुन्हा सापडला. हळू फिरवून भरलेलं गाणं जोरात वाजवलं की आवाज चढे, आणि भरताना यंत्र किती वेगानं फिरवलं होतं, हे कंपनीवाले लेबलावर छापतच नव्हते. "म्हणजे गवयाला ज्या कुण्या पोरसवद्या मिस्त्रीनं जसं फिरवलं तसा तो जन्मभर दिसणार!" ते बकुळला म्हणाले. त्यांना त्या परक्या इटालियनाच्या वतीनं संताप आला होता.

संकठा घाटावर देवीच्या देवळामागे विश्वेश्वरबुवा ध्रुपदिये राहत. वय अडुसष्ट. आजोबा दक्षिणेतून काशीला आलेले, तेव्हापासून घरात ध्रुपदच. इतर गवई जिथे षड्ज धरत त्याच्या चार स्वर खाली बुवांचा षड्ज. त्यांचा दरबारी ऐकायला ढुंढिराज दर मंगळवारी देवळात जात. त्या रागातला गांधार बुवा असा सावकाश झुलवत की समोरच्या समईची ज्योत त्याच्याबरोबर हलतेय असं वाटे.

एकोणीसशे चौदाच्या थंडीत कलकत्त्याच्या एका कंपनीचा एजंट बनारसला आला, बरोबर यंत्र आणि एक तरुण गोरा मिस्त्री. चौकाजवळच्या हवेलीत त्यांनी आठवडाभर गाणी भरली. बहुतेक बायका, दोन-तीन नकलाकार. ढुंढिराज रोज एजंटाच्या मागे लागले. लालांनीही शब्द टाकला. शेवटी एजंट कंटाळून म्हणाला, "ठीक है, ले आइए अपने बुवाजी को. एक तवा." तबकडीला तिकडे तवा म्हणत.

बुवांना तयार करणं याहून कठीण गेलं. "पितळेच्या नळीत गाऊ?" ते म्हणाले. त्यांची विधवा मुलगी कालिंदी घर सांभाळत होती, तिनं समजावलं. "बाबा, तुमच्यानंतर हे कोण ऐकणार? दादा एवढं सांगतोय तर जा ना." ढुंढिराजांना ती दादा म्हणत असे.

बुवा गेले. ढुंढिराजांनी त्यांना कर्ण्याच्या अगदी तोंडाशी बसवलं, कारण खालचा सूर कर्ण्यात अर्धाच उतरतो हे त्यांना माहीत होतं. मग एजंटानं त्यांना दाराबाहेर काढलं. आत काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. अर्ध्या तासानं बुवा पंच्यानं मान पुसत बाहेर आले. "दोनदा थांबवलं रे मला," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा म्हणाले, ठीक."

पाच महिन्यांनी तबकडी आली, ती ढुंढिराजांच्या आधी दुसऱ्यांच्याच हाती लागली. ब्रह्माघाटावर वेणीमाधव सप्रे म्हणून एक सुखवस्तू गृहस्थ होते. त्यांच्या नातवाची मुंज होती आणि त्यांनी हौसेनं नवा ग्रामोफोन घेतला होता. जेवणं झाली, विडे आले, सगळी मराठी मंडळी अंगणात बसली. विश्वेश्वरबुवा पुढच्या पाटावर होते.

"आता एक गंमत ऐका," सप्रे म्हणाले आणि त्यांनी तबकडी लावली.

कर्ण्यातून एक पातळ, घाईचा आवाज आला. पखवाज टपटप पळत होता. पहिल्यांदा लोक नुसते ऐकत राहिले. मग गांधार आला. जो स्वर बुवा झुलवत, तो इथे शेळीच्या ओरडण्यासारखा थरथरला. मागच्या रांगेत कुणीतरी "बेंऽऽ" केलं आणि अख्खं अंगण फुटलं. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

बुवा हसत नव्हते. मान पुढे करून ते नीट ऐकत होते. तबकडी संपायच्या आत त्यांनी शेजारी बसलेल्या ढुंढिराजांना विचारलं, "हा कोण गातोय रे? आमच्या घराण्याची चीज याला कुणी दिली?"

 सप्र्यांनीच हसत उत्तर दिलं, "बुवा, अहो तुम्हीच!"

पुन्हा हसू उसळलं. बुवांनी हातातला विडा पाटावर ठेवला, उपरणं उचललं आणि ते निघून गेले. ढुंढिराज उठून उभे राहिले. "लाज वाटायला हवी होती!" ते किंचाळले. त्यांचा किरटा आवाज आणखी चढला आणि त्यालाही लोक हसले.

त्या मंगळवारी बुवा देवळात आले नाहीत. पुढच्याही नाही. गल्लीत त्यांना लोक मागून बकरीबुवा म्हणू लागले. कालिंदी पाणी भरायला गेली तरी बायका एकमेकींना कोपरानं ढोसत.

ढुंढिराजांनी दुकानात तबकडी लावली. पेटीवर षड्ज पाहिला: काळी एक. जिथे गावातले सगळे गवई गातात, बरोबर तिथे. आणि बुवांचा षड्ज त्याच्या चार स्वर खाली, पांढरी सहा. त्यांनी वेगाचा स्क्रू फिरवायला सुरुवात केली. पंच्याहत्तर. सत्तर. पासष्ट. बासष्टावर पेटी आणि बुवा एक झाले. पखवाज चालीवर आला, गांधार झुलला. पलीकडच्या अत्तराच्या दुकानातला म्हातारा आपली बाटली तशीच हातात धरून दारात येऊन उभा राहिला.

ढुंढिराजांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याहून जास्त त्यांचं डोकं तापलं होतं. महिन्याभरानं तोच एजंट मालाची मागणी घ्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला तबकडी दोन्ही वेगांवर ऐकवली.

एजंट पान चघळत म्हणाला, "हां, मालूम है. आपके बुवाजी का आलाप खतम ही नहीं होता था. तीन मिनट का तवा. तो मशीन धीमा कर दिया, जितना गाया उतना समा गया."

"आणि आवाजाचं काय?"

"आवाज तो अच्छा ही हुआ! इतना नीचे कौन सुनता है? और बिक भी रहा है, मुळेजी. लोग हँसते हैं, खरीदते हैं."

ढुंढिराजांनी टेबलावरची वही उचलून फरशीवर आपटली. "रशियाचा राजा गातो तेव्हा तुमचा साहेब त्याला काय कर्ण्यासमोर शेळी करतो? तिथे जर्मन म्हातारा खाली जातो तर त्याचं लेबल सोनेरी करता. आमचा म्हातारा खाली गेला की तो ऐकण्यासारखा नाही? तो एक वेळ त्यांच्याहून कमी आहे म्हणा, ऐकून म्हणा! पण तुम्ही त्याला ऐकूच दिलं नाही!"

एजंटाला यातलं निम्मं मराठी कळलं नाही. लालांना कळलं. त्यांनी हात जोडून एजंटाला बाहेर नेलं.

ढुंढिराजांनी एका वकिलाकडून इंग्रजी पत्र लिहवून कलकत्त्याला पाठवलं. सहा आठवड्यांनी छापील कागद आला: आपल्या यंत्राचा वेग बिघडलेला असावा, जवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवावा. सही कुणाचीच नव्हती. "जवळचा दुरुस्तीवाला मीच आहे!" ते घरी येऊन ओरडले. बकुळनं तो कागद वाचून घेतला आणि चुलीत घातला.

"कंपनीला पुढं सांगा," ती म्हणाली. "आधी बुवांना ऐकवा. त्यांना अजून वाटत असेल की आपणच तसे गातो."

हे ढुंढिराजांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते यंत्र डोक्यावर घेतलेल्या हमालाला घेऊन संकठा घाटावर गेले. बुवांनी दारात यंत्र पाहिलं आणि पाठ फिरवली. "ते डबडं माझ्या घरात नको."

"तुमची नाही लावत," ढुंढिराज म्हणाले. "दुसऱ्यांची ऐका. परमुलखातले बुवा आहेत."

कालिंदीनं चटई टाकली. ढुंढिराजांनी आधी रशियन लावला. बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तबकडी अर्धी झाली तेव्हा त्यांनी मान वळवली.

"हा रडतोय."

"हो. पोराच्या रक्तानं हात भरलेला राजा आहे तो."

"रडतोय, पण सूर सुटत नाही त्याचा. अवघड आहे हे. मला नाही जमणार." मग ते म्हणाले, "जमलं तरी करणार नाही. दुसरा लाव."

इटालियन त्यांना आवडला, पण त्यांनी तक्रार केली की हा माणूस आपल्याच आवाजावर खूश आहे. मग जर्मन म्हातारा लागला. बुवा सरकून कर्ण्याजवळ आले. शेवटी तो खालच्या स्वरावर गेला आणि टाचणीची खरखर त्या स्वराहून मोठी झाली, तेव्हा बुवांनी हात वर केला, समोर बसलेल्या गवयाला दाद द्यावी तसा.

"हा सूर लावत नाही," ते म्हणाले. "ठेवतो. किती वर्षांचा आहे?"

"साठीच्या पुढचा होता. आता असेल नसेल."

"याला कुणी हसलं होतं का रे?"

 ढुंढिराजांनी स्क्रू बासष्टावर आणला आणि बुवांची तबकडी लावली. पहिल्या आलापालाच कालिंदी हातातलं सूप खाली ठेवून उंबऱ्यात बसली. बुवा डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही. तबकडी संपली.

"धैवत अजून उतरायला हवा होता," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सप्र्याकडे काय वाजलं होतं?" ढुंढिराजांनी सगळं सांगितलं, एजंट, मंद केलेली चक्री, छापील कागद. बुवा शांतपणे ऐकत राहिले आणि सांगून झाल्यावर त्यांनी काशीतल्या गल्लीत शोभेल अशी एक कडकडीत शिवी हासडली. कालिंदीनं बापाच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकली. पुढच्या मंगळवारी बुवा देवळात गायले.

पण ढुंढिराजांचं समाधान एवढ्यानं होईना. त्यांनी दुकानातल्या बुवांच्या सगळ्या तबकड्यांच्या पाकिटांवर हिंदीत चिठ्ठ्या चिकटवल्या: हा तवा बासष्ट फेऱ्यांवर लावावा, अठ्ठ्याहत्तरवर लावल्यास गवयाचा अपमान होतो. ज्यांनी आधीच विकत नेल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन त्यांनी यंत्रांचे स्क्रू फिरवून दाखवले. सप्र्यांच्या घरी तर ते मुंजीला आलेली मंडळी पुन्हा गोळा झाल्याखेरीज उठायलाच तयार होईनात. मंडळी जमली. सगळ्यांनी तबकडी बासष्टावर ऐकली. सप्रे एवढंच म्हणाले, "आम्हाला काय माहीत?"

"विचारलंत का?" ढुंढिराज म्हणाले. "हसायच्या आधी एकदा तरी विचारलंत?"

कंपनीला चिठ्ठ्यांची बातमी लागली. लालांना दम आला की एजन्सी काढून घेऊ. लाला वाईट माणूस नव्हते, ते म्हणाले, "मुळेजी, कागज उतार दीजिए, बात खतम." ढुंढिराजांनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. आपली हत्यारांची पेटी उचलली आणि ठठेरी बाजारातल्या एका ओट्यावर जाऊन बसले. तिथे पुढची सगळी वर्षं त्यांनी घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त केले. पुढच्या यादीतून कंपनीनं बुवांची तबकडी काढून टाकली. दुरुस्त करून काढली नाही. नुसती काढून टाकली.

एकोणीसशे सतराच्या चैत्रात एका संध्याकाळी विश्वेश्वरबुवा गेले. दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेवर दहन करून परतताना ढुंढिराजांच्या हातात कुणीतरी त्या दिवशीचं हिंदी वर्तमानपत्र ठेवलं. त्यात चार ओळी होत्या. कोमल व उच्च कंठाचे गायक, असं बुवांचं वर्णन होतं. लिहिणाऱ्यानं बुवांना कधी ऐकलं नव्हतं. तबकडी ऐकली होती.

ओल्या धोतरानं, तसेच, ढुंढिराज घरी गेले. यंत्र घेतलं, एक्का केला आणि छापखान्यात जाऊन संपादकाच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून त्यांनी ते मांडलं. संपादक भांबावून उठला.  ढुंढिराजांनी पहिल्यांदा तबकडी अठ्ठ्याहत्तरवर वाजवली आणि मग बासष्टावर. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी माणसं हातातले खिळे तसेच ठेवून दाराशी जमली. संपादक अखेरपर्यंत उभाच होता.

"लिहिए," ढुंढिराज म्हणाले. "मंद्र स्वर के गायक. महान गायक."

"ज़रूर," संपादक म्हणाला, आणि त्यानं ते खरंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंक आला. तिसऱ्या पानावर भूलसुधार छापला होता. ढुंढिराजांनी तो ओट्यावर बसून वाचला: विश्वेश्वरबुवा मंद स्वर के महान गायक थे. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून द्रचा द झाला होता. बुवा मंद झाले होते.

 ढुंढिराजांनी शेजारच्या कासाराकडून दौत आणि टाक मागून घेतला आणि आपल्या अंकातल्या त्या द खाली एक तिरकी रेघ ओढून त्याचा पुन्हा द्र केला. दौत उचलली, ओटा कासाराच्या भरवशावर सोडला आणि ते वाचनालयाकडे निघाले. तिथे अंक होता. त्यानंतर सप्र्यांकडचा, देवळातल्या पुजाऱ्याकडचा, लालांच्या दुकानातला. लालांनी विचारलं, "क्या कर रहे हैं, मुळेजी?"

"दुरुस्ती," ढुंढिराज म्हणाले, आणि अंक फडफडू नये म्हणून त्यांनी कोपरानं तो गल्ल्यावर दाबून धरला.